नऊ दुपारींचा हिरवा उजेड

तो तीन रंगांचा टॉर्च आमच्या घरात कोणी येऊ दिला असं विचारलं, तर सासरची माणसं एकमुखानं माझ्याकडे बोट दाखवतात. तेही कौतुकानं. ‘सून नर्स असून गर्व नाही पहा. गार्डबाबाच्या लाईटले तिनंच हो म्हटलं, म्हून आमची पोरगी वाचली.’ हे कौतुक कानावर आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पाहुण्यांसमोर मी उठून चहा टाकायला जाते, आणि भांडी आपटली की सासरची माणसं म्हणतात, वयानं जरा चिडचिडी झाली आहे. वयाचा काही संबंध नाही. मी तेव्हाही चिडकीच होते, आणि सगळं झालं ते त्यामुळेच झालं.

मी सरकारी नर्स होते. गाव जऊळक्याच्या स्टेशनपासून दोन कोसांवर. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, टेबल, स्टोव्ह आणि सुया उकळायचं भांडं. वाशीमला तेव्हा कोणी जिल्हा म्हणत नव्हतं, तो अकोल्यातला तालुका. काही मोठं दुखणं निघालं की माणूस अकोल्याला न्यायचं, आणि त्यासाठी सकाळची पॅसेंजर गाठायची. नवरा गावातच मास्तर होता. घरात सासू, जिला मी आत्याबाई म्हणायची, आणि आम्ही दोघं. नणंद एकच, नवऱ्याहून बारा वर्षांनी धाकटी, शेलूबाजाराकडे दिलेली. तिला मीच वेणी घालून शाळेत पाठवलं होतं. तिच्या लग्नात माझी स्वतःची साडी नेसायची राहून गेली, इतकी मी तिच्यामागे होते.

साल शहात्तर. ज्यांना ते आठवतं त्यांना पुढचं सांगायला नको, पण ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या साली आम्हा नर्सांना एकच काम होतं, कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला माणसं आणायची. त्यांना माणसं म्हणत नसत, केस म्हणत. केस कमी पडली की पगार अडायचा आणि वरून तोंडाचा पट्टा सुटायचा तो वेगळा. मी गल्लीत शिरले की बाप्ये मागच्या दारानं वावरात पळत. ट्रिपलची लस द्यायला गेले तरी बाया पोरांना कणगीमागं दडवत. आणि मी नेली माणसं. रडणाऱ्या बायाही नेल्या. जीपमध्ये बसवताना एकीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी फुटली, तरी नेली. त्या वर्षाबद्दल मला कोणी शाबासकी देऊ नये, मी मागतही नाही.

पोळा झाला आणि त्यानंतर आठवड्यानं नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरत आलेला. बैलांच्या दमणीतून उतरताना ती हसली, आणि तिचे डोळे पाहून माझं हसू तोंडातच राहिलं. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं. नखं पाहिली, ती तशीच. लघवी कशी होते विचारलं तर म्हणाली, ‘चहावानी.’ भूक नाही, तोंडाला चव नाही, तेलाचा वास आला की उमळतं. काही तपासायची गरज नव्हती. गरोदर बाईची कावीळ आम्हाला ट्रेनिंगमध्ये एका वाक्यात शिकवली होती. दिसली की पाठवायची. थांबायचं नाही, पाठवायची.

आत्याबाईंनी तिला पाहिलं त्याच क्षणी दुसरं ठरवलं होतं. नदीपल्याडच्या गावात एक म्हातारी होती, ती कावीळ डागून काढायची. सुई लाल करून बिब्ब्यात बुडवायची आणि पोटावर, मनगटावर चटके द्यायची. आमच्या घरात त्याचा पुरावा होता. माझ्या नवऱ्याच्या पोटावर बेंबीच्या वर असे तीन डाग आहेत, लहानपणीचे. तो कधी शर्ट काढून बाहेर बसत नाही. ‘दोन मानसं पाय धरून बसले होते,’ एवढंच तो कधीतरी बोलला.

तो उसळला. ‘माय, आपल्या घरी हे धंदे बंद झाले. बाबानं छप्पन साली देव नदीत सोडले ते काय पुन्हा डागून घ्याले?’

हे खरं होतं. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले होते, आणि त्या दिवसापासून घरात गंडा नाही, दोरा नाही, अंगारा नाही. नवऱ्याला याचा फार अभिमान होता, मलाही आहे. पण त्या अभिमानातून एक गोष्ट झाली ती सांगते. ज्याला धूप लागत नाही, ज्यात मंत्र नाही, ज्याचा भिंतीवर लावता येईल असा नकाशा आहे, ते सगळं आमच्या घरात विज्ञान ठरलं. देव सोडल्याबरोबर खोटं ओळखायची अक्कल आपोआप येते असं आम्हाला वाटत होतं. अक्कल अशी आपोआप येत नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा शाळेतून परतला तो गार्डबाबाला सायकलसकट घेऊन.

हा माणूस रेल्वेत गार्ड होता. रिटायर झाल्यावर जऊळक्यात स्टेशनजवळ राहायचा. पांढरा सदरा, वर तो काळा कोट, खिशात साखळीचं घड्याळ. बोलणं हळू, वागणं स्वच्छ, कोणाकडून पैसा घेत नसे, चहाही दुसऱ्यांदा घेत नसे. मला त्याच्यावर आजही धड रागावता येत नाही, म्हणून जास्त राग येतो. बदमाश असता तर मी पहिल्या दिवशीच हाकलला असता.

नागपुरात कुठल्याशा शिबिरात तो चीनची सुयांची विद्या शिकून आला होता. तेव्हा पेपरात त्या सुयांचं फार येत होतं. पण त्याचे हात थरथरायचे, सुई धरवत नव्हती. शिबिरात कोणी म्हणालं होतं की परदेशात आता सुईच्या जागी नुसता उजेड पाडतात, त्याच बिंदूंवर. एवढं ऐकून हा घरी आला आणि त्यानं नोकरीतला टॉर्च काढला. पांढरा, लाल आणि हिरवा असे तीन रंग दाखवणारा, गाडीला इशारा करायचा टॉर्च. त्याच्या काचेवर काळा कागद चिकटवून मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलं. झाली विद्या. परदेशात तसं खरंच करतात म्हणे, त्याची वेगळी यंत्रं असतात आणि शिकलेले डॉक्टर असतात. त्यानं कोणाचं लिव्हर सुधारतं की नाही ते मला माहीत नाही, मी त्यातली नाही. पण दोन सेलच्या टॉर्चनं सुधारत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानं ओट्यावर नकाशा पसरला. एक उघडा माणूस, अंगभर ठिपके, बाजूला हिंदीत नंबर. नणंदेला किती महिने झाले ते विचारलं आणि मग कापऱ्या बोटानं एकेक ठिपका पाहत गेला. घोट्याच्या वरच्या ठिपक्यावर थांबला. ‘हा पोटुशी बाईले चालत नाही.’ अंगठ्याजवळच्या ठिपक्यावर थांबला. ‘हा बी नाही.’ दोन्हींवर पेन्सिलीनं फुली मारली. त्या दोन फुल्यांनी मी फसले. ज्याला काय करू नये हे ठाऊक आहे त्याला काय करावं हेही ठाऊक असेल, असं मनात येऊन गेलं. नर्सांना असंच शिकवतात ना, आधी नुकसान करू नका.

तरी मी बोलले. सगळ्यांसमोर, ओट्यावर उभी राहून बोलले. ‘हे राहू द्या. उद्याच्या पॅसेंजरनं हिले अकोल्याले नेऊ. सातवा सरत आला हाये, आत काय होऊन राह्यलं ते इथं समजनार नाही.’

नवरा नकाशाकडे पाहत राहिला. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘काहून वो? या महिन्यात तुले एक केस कमी पडून राह्यली काय?’

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या. गावात लोकांनी माझ्या पाठीवर शेण फेकलं आहे. त्याचं काही वाटलं नाही, ते मी कमावलेलं होतं. पण ही पोरगी. जिच्या वेणीची रिबीन मी माझ्या पहिल्या पगारातून आणली ती पोरगी मी अकोल्याला नेऊन कापून आणीन, पहिलंच पोट असताना, आकडा भरायला! नवऱ्याकडे पाहिलं. तो ‘माय, असं नको बोलू’ म्हणाला, पण इतक्या हळू की चुलीपर्यंत पोहोचलं नाही. त्याच्या तोंडावर मला दिसलं की त्यालाही क्षणभर ते शक्य वाटलं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. माझं तर नासकं ठरलं होतं.

खाटेवरून नणंद म्हणाली, ‘वयनी, तुमी सांगा. तुमी म्हनान तसं मी करतो.’

तिनं मलाच विचारलं होतं. आईला नाही, भावाला नाही, त्या कोटवाल्या बाबालाही नाही. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘मले कायले विचारतं? मी तं केस शोधत फिरतो. लावा ना लाईट. डागन्यापरीस तरी बरं हाये.’

आणि तणतणत आत गेले. अर्ध्या तासात माझं डोकं थंड झालं. पण थंड झाल्यावर मी तोंड उघडलं नाही. आता ह्यांनीच येऊन विनवावं, चुकलो म्हणावं, मग मी नेईन, असं मनात धरून बसले. कोणी विनवलं नाही. माझा ‘हो’ त्यांनी खरा धरला, कारण तो त्यांना हवा होता.

दुसऱ्या दुपारपासून सुरू झालं. उजेड नीट लागावा म्हणून खोलीचं दार लोटायचं, खिडकीला गोधडी अडकवायची. भर दुपारी अंधार करून त्यात गार्डबाबा खाली बसायचा आणि टॉर्चचा तो दाण्याएवढा हिरवा ठिपका नणंदेच्या पायावर धरायचा, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात. मग गुडघ्याखाली, मग मनगटावर, मग उजव्या बरगडीखाली. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, साखळीच्या घड्याळावर मोजून. हात कापायचा म्हणून ठिपकाही कापायचा. नवऱ्यानं विचारलं, हिरवाच काहून? बाबा गंभीरपणे म्हणाला, ‘हिरवा म्हंजे लाईन मोकळी. लिव्हरची लाईन अडकून राह्यली, ते सुटते.’ चाळीस वर्षं ज्यानं हिरव्यावर गाडी सोडली त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. माझा शिकलेला मास्तर नवरा मान डोलावत होता, ते मात्र मला आजही गिळवत नाही.

बेचक्यात टॉर्चची कड लागली की नणंदेला गुदगुल्या व्हायच्या. ती खिदळायची, पाय ओढायची, आत्याबाई तिला दटावायच्या. घरात किती दिवसांनी कोणी असं हसत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं ताकात कुस्करून अर्धी भाकर खाल्ली. लगेच शेजारपाजारी सांगून झालं, पोरीले उतार पडला. कावीळ अशी एखाददिवस जरा सैल होते हे मला माहीत होतं. मी सांगितलंही, पण कुत्सितपणे सांगितलं, ‘हो, बाप्पा, तुमचा लाईट लय मोठा.’ असं सांगितलेलं कोण ऐकतं?

चौथ्या दिवशी मला वाशीमच्या कॅम्पवर हजर व्हायचा हुकूम आला. तीन दिवस मी तिथं होते, तंबूत, फिनाईलच्या वासात. परत आले तेव्हा दुपार होती आणि खोलीत अंधार केलेला होता. हिरव्या ठिपक्याच्या उजेडात नणंदेचं तोंड मला बरं वाटलं. शांत वाटलं. मी स्वतः नर्स, आणि मला बरं वाटलं! त्या उजेडात पिवळं कसं दिसणार? दारं लोटलेली, खिडकीला गोधडी. घरची माणसं दिवसातून एकदा तिच्याजवळ बसत ती त्या खोलीत, त्या वेळेला. बाकी वेळ ती पडून, डोळे मिटून. आम्ही तिला उन्हात आणून पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला अंगणात बसवलं तेव्हा दिसलं. अंग पिवळं राहिलं नव्हतं, पितळेवर हिरवट कळा येते तसं झालं होतं.

तेव्हाच उचलायला हवी होती. मी आत्याबाईंना म्हणाले, ‘पाह्यलं काय हिच्याकडे?’ त्या म्हणाल्या, ‘बाबा म्हनते, कावीळ जाताजाता बाहेर येते.’ आणि मी पुन्हा फणकारले, पुन्हा गप्प बसले. हा तो आठवा दिवस.

नवव्या दुपारी बाबानं नेहमीप्रमाणे बेचक्यात टॉर्च लावला. पाय हलला नाही. त्यानं जरा दाबून लावला. पाय हलला नाही. त्यानं वर पाहिलं आणि हाक मारली, ‘बेटा.’ नणंदेनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ह्या बाई कोन हायेत?’

त्या खोलीत सगळ्यात आधी जो शहाणा झाला तो गार्डबाबा. त्यानं टॉर्च जमिनीवर ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘बाई, हे माह्यानं होनार नाही. आत्ताच्या आत्ता न्या.’ मी खिडकीवरची गोधडी ओढून काढली, तीच तिच्या अंगावर टाकली. बाबा सायकलवर पुढं गेला. आम्ही दमणी घेऊन स्टेशनवर पोहोचलो तोवर त्यानं क्रॉसिंगसाठी उभ्या असलेल्या मालगाडीच्या गार्डाला सांगून ठेवलं होतं. पॅसेंजर सकाळीच गेलेली. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, गार्डाच्या पेटीशेजारी, नणंदेचं डोकं मांडीवर घेऊन मी अकोल्याला गेले. नवरा समोर बसला होता. सगळ्या वाटेत त्यानं एकच वाक्य म्हटलं, ‘विज्ञानच होतं ना थे?’ मांडीवर तिचं डोकं होतं. नसतं तर मी त्याला चालत्या गाडीतून ढकलून दिलं असतं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी उचलली, पोट पाहिलं आणि माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं. ‘तुम्ही नर्स आहात?’ मी हो म्हटलं. ‘मग आधी का नाही आणली?’ त्यांनी आवाज चढवला नव्हता. मी काहीतरी बोलले, रस्ता, गाडी, असं काहीतरी. खोटं बोलले.

त्याच संध्याकाळी मुलगी झाली. पूर्ण घडलेली, केस दाट, ओठ निळे. रडली नाही. मी तिला पुसलं, गुंडाळलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानंतर नणंदेचं रक्त थांबेना. काविळीत रक्त गोठत नाही, हेही मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. माझं रक्त चढलं, नवऱ्याचं चढलं, बाटल्यांवर बाटल्या ग्लुकोज. पाच दिवस तिला शुद्ध नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचली तर पुन्हा दिवस राहतील असं सांगता येत नाही. सहाव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. लवकर आणली असती तर मूल वाचलंच असतं, असं कोणी डॉक्टर म्हणाला नाही. वाचलं नसतं, असंही कोणी म्हणाला नाही. तेवढ्या जागेत मी जगते आहे.

महिन्यानं तिला गावी आणली तर वेशीतच बाया जमलेल्या. ‘गार्डबाबाचा लाईट लागू पडला वो!’ कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते म्हणतात. इथं तर फांदी अकोल्यात मोडली होती, आणि कावळा जऊळक्यात बसला होता. पण ग्लुकोजची बाटली गावात कोणी पाहिली नव्हती, हिरवा उजेड सगळ्यांनी फटीतून पाहिला होता. लेकरू गेलं ते दवाखान्यात गेलं, पोरगी वाचली ती लाईटनं. अशी वाटणी झाली आणि ती कायमची झाली. आत्याबाई तर सांगत सुटल्या की माझ्या सुनेनं हो म्हटलं म्हणून.

मी चिडून जऊळक्याला गेले, गार्डबाबाला म्हणाले, बंद करा हे. ओसरीवर चार माणसं बसलेली, पिवळ्या डोळ्यांची, त्यात शेलूबाजाराकडची दोन. बाबा खाली मान घालून म्हणाला, ‘मी पोटुशी बाई घेत नाही आता. बाकीच्याईले नाही म्हनतो तं आयकत नाहीत. म्हनतात, नर्सबाईच्या घरी चालते, तं आमाले काहून नाही?’ माझं नाव तिथं सर्टिफिकेटसारखं टांगलेलं होतं. आणि तरीही मी त्या चौघांना उभं राहून सांगितलं नाही की हे खोटं आहे. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुमच्या घरी कसं चाललं?

तीन वर्षं गेली. सरकार बदललं, केसची सक्ती गेली, बाप्ये मला पाहून पळायचे थांबले. नणंदेला दिवस राहिले नाहीत. सासरी तिला बोलू लागले, तिच्या नवऱ्यासाठी दुसरी पाहायच्या गोष्टी निघाल्या. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ती आठ दिवस माहेरी आली होती. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो, ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. आत्याबाई आत झोपलेल्या.

‘वयनी,’ ती म्हणाली, ‘रागावू नका. एक विचारतो.’

‘विचार ना.’

‘अकोल्याले माह्यं ऑपरेशन तं नाही ना केलं?’

मला वाटलं कोणीतरी कानशिलात मारली. ‘कोन म्हनते असं?’

‘सासरी म्हनतात. माय बी एकदा म्हने.’

‘पोट पाह्य तुह्यं,’ मी ओरडले. ‘टाका हाये काय कुठं? एवढीशी खून तरी हाये काय?’

तिनं सुपातला खडा काढून अंगणात टाकला. तिच्या आवाजात आरोप नव्हता, भांडण नव्हतं. समजावून सांगावं तसं ती म्हणाली, ‘टाका कायले लागते, वयनी? सुई बी न टोचता नुसत्या उजेडानं माही कावीळ गेली. मंग उजेडानं ऑपरेशन काहून होनार नाही? मी तं पाच दिवस शुद्धीवरच नोती.’

तिनं ते कुठून आणलं होतं? आमच्याच खोलीतून. नऊ दुपारी आम्हीच तिला शिकवलं होतं की उजेड कातडीतून आत जातो, आतलं बदलतो आणि खूण ठेवत नाही. एवढी विद्या पटलेल्या बाईला मी आता काय पटवणार? माझ्यावरचा डाग धुवायला एकच वाट होती, तो लाईट खोटा होता हे सांगायची, आणि त्या वाटेवर तिची ती दाट केसांची मुलगी आडवी होती.

मी म्हणाले, ‘त्या लाईटनं काही होत नाही. काहीच नाही. कावीळ बी जात नाही अन् ऑपरेशन बी होत नाही. नुसते सेल संपतात. तू वाचली ते अकोल्याच्या दवाखान्यानं. अन् तुह्यं ऑपरेशन कोनंबी केलं नाही, तुह्यं रक्त गेलं म्हून असं झालं.’

तिचे हात सुपात थांबले. ‘तुमाले हे कवा समजलं?’

‘पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.’

‘पहिल्याच दिवशी?’

‘हो.’

तिनं मुठीतली डाळ सुपात सोडली. मग म्हणाली, ‘मी तुमालेच विचारलं होतं, वयनी. मंग काहून लावू देला?’

आत्याबाईंचं ते केस कमी पडल्याचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तीन वर्षं ते मी जपून ठेवलं होतं, असल्याच वेळेसाठी. पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

‘राग आला होता मले,’ मी म्हणाले.

तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर झटकला आणि आत जाऊन पिशवी भरली. त्याच दुपारच्या एसटीनं ती सासरी गेली. आत्याबाईंना म्हणाली, घरी काम निघालं. हे बोलणं तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. म्हणूनच माझ्या सासरच्या माणसांत माझं कौतुक अजून चालू आहे.